फॉर्मा, जांगड आणि तीनशे ग्रॅम: स्वप्रकाशनाचे अकरा महिने

आधीच्या कादंबऱ्या प्रकाशकाकडून आणि ही एक स्वतः, कोल्हापुरात छापून. पुस्तक येऊन अकरा महिने झाले, पाचशेची आवृत्ती संपत आली. ज्यांचं एखादं पुस्तक प्रकाशकाकडून आलेलं आहे आणि जे आता स्वतः काढायचा विचार करताहेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. मत आधीच सांगतो. छपाई वाटते त्यापेक्षा सोपी आहे. संहितेवरचा ताबा हा सगळ्यात मोठा फायदा, आणि सगळी दमछाक वितरणात होते. मुखपृष्ठावर लोक जेवढा वेळ घालवतात त्यातला अर्धा दुकानांची यादी करण्यात घालवावा.

जुनी पुस्तकंही स्वतःकडं आणायची असतील तर आधी करारपत्र काढून वाचा. कॉपीराइट कायदा १९५७ चं कलम १९ लेखकाच्या बरंच कामाचं आहे. हक्क किती काळासाठी दिले हे लिहिलेलं नसेल तर मुदत पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. दिलेला हक्क एका वर्षात वापरलाच नाही, तर करारात वेगळं काही नसेल तर तो हक्क सुटतो. करारात ‘सर्व आवृत्त्यांसाठी’ किंवा ‘कॉपीराइटच्या पूर्ण मुदतीसाठी’ असे शब्द असतील तर मात्र लेखी विनंती करण्यावाचून गत्यंतर नाही. पत्रात छापील, ई-बुक, ऑडिओ आणि अनुवाद हे चारही हक्क वेगवेगळे लिहा, परतीची तारीख मागा, आणि शिल्लक प्रती किती हेही विचारा, कारण त्या संपेपर्यंत दुकानात दोन आवृत्त्या एकमेकींच्या आड येतात. संहिता तुमची असते. मुखपृष्ठाचं चित्र आणि मांडलेली पानं ज्यानं पैसे दिले त्याची असू शकतात, तेव्हा ती वापरायची तर लेखी परवानगी हवी. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, हाही जुना चालत नाही.

नवा आयएसबीएन भारतात फुकट मिळतो. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतली राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन एजन्सी तो देते, अर्ज ऑनलाइन होतो, आणि एकटा लेखकही अर्ज करू शकतो. कुणी यासाठी हजारो रुपये मागत असेल तर देऊ नका. पेपरबॅक, पुठ्ठा बांधणी आणि ई-बुक यांना वेगवेगळे क्रमांक लागतात. मजकूर शोधनाला गेला की लगेच अर्ज करा, नाहीतर मुखपृष्ठ तयार आणि बारकोडची जागा रिकामी, असं होऊन बसतं. बारकोड पांढऱ्या पट्टीवर काळ्या रेघांत घ्या. मुखपृष्ठाला शोभतो म्हणून लाल रेघांत घेतला तर लाल उजेडाच्या स्कॅनरला त्या रेघा दिसतच नाहीत.

आता संहितेचं काम. संपादन, मुद्रितशोधन आणि मांडणी यांना तीन वेगळी माणसं हवीत. तिन्ही कामं एकाच डीटीपीवाल्याकडं, म्हणजे संगणकावर पानं मांडणाऱ्याकडं, दिली की पुस्तक घसरतं, कारण स्वतः टाइप केलेली चूक स्वतःच्या डोळ्याला दिसत नाही. शोधनाचे हात, म्हणजे फेऱ्या, तीन ठेवा: पहिला वर्डमधल्या मजकुरावर, दुसरा मांडणी झाल्यावर कागदावर, तिसरा फक्त दुसऱ्यातल्या दुरुस्त्या नीट झाल्या का हे बघायला. तिसरा हात बहुतेक जण वाचवतात आणि तिथंच फसतात. एक ओळ दुरुस्त करताना परिच्छेद सरकतो, प्रकरणाचा शेवटचा शब्द एकटाच पुढच्या पानावर जातो, अनुक्रमणिकेतले आकडे चुकतात.

बऱ्याच डीटीपी केंद्रांत अजून श्रीलिपी किंवा आकृतीच्या जुन्या फाँटांत काम चालतं. युनिकोडमधला, म्हणजे मोबाइल-संगणकावर सगळीकडं चालणारा मजकूर त्यात बदलून घेताना ठरावीक ठिकाणी चुका होतात: ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ यांतला ऱ्य, ‘मार्ग’ मधला रफार शेजारच्या अक्षरावर जाणं, ‘स्थिती’ मधली पहिली वेलांटी जोडाक्षराच्या पोटात शिरणं, ‘ॲ’ गायब होणं, आणि अवतरणचिन्हं उलटी पडणं. बदलून घेतलाच तर ही पाच ठिकाणं शोधून शोधून तपासा. त्यापेक्षा शेवटपर्यंत युनिकोडवरच राहिलेलं बरं. इनडिझाइन या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ सुरू करायला सांगा. तो बंद असला की जोडाक्षरं सुटी पडतात, आणि ऑपरेटर म्हणतो की युनिकोड चालत नाही. फाँट निवडताना ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे आहेत का ते बघा, कारण अनेक देवनागरी फाँटांत ते हिंदी वळणाचे असतात. टिरो देवनागरी मराठी हा खुल्या परवान्याचा फाँट पुस्तकाच्या मजकुराला चांगला उतरतो. फार बारीक वजनाचा फाँट घेऊ नका, पुस्तकाच्या मॅपलिथो कागदावर शिरोरेषा तुटते आणि अनुस्वार उडतात.

बोलीच्या बाबतीत स्वप्रकाशनानं जे दिलं त्याला तोड नाही. कोल्हापूरची बाई स्वतःबद्दल बोलताना ‘मी आलो’, ‘मी जातो’ म्हणते. हा भाग माहीत नसलेला शोधक ते ‘आले’, ‘जाते’ करून टाकतो आणि पात्राचं गावच बदलतो. म्हणून शोधनाआधी दोन पानी यादी बनवा. निवेदनाला मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे लेखनाचे नियम आणि १९७२ ची भर लागू. संवादाला आपली यादी. तीत ‘न्हाई’ की ‘नाय’, ‘लई’ की ‘लय’, ‘हाय’ कुठल्या पात्राचं आणि ‘आहे’ कुठल्या पात्राचं, हे सगळं लिहा. क्रियापदांचं एकेकच रूप ठरवा. पान ४० वर ‘चाललाईस’ आणि पान ९० वर त्याच माणसाच्या तोंडी ‘चाललायस’ आलं की वाचकाचा कान अडखळतो. मोबाइलवर लिहिणाऱ्यांनी आपोआप दुरुस्ती बंद ठेवावी.

छापखान्यात जाण्याआधी फॉर्म्याचं गणित डोक्यात पक्कं असू द्या. डेमी आकार म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंच, एक फॉर्मा, म्हणजे एकत्र छापून घडी घातलेला पानांचा जुडगा, १६ पानांचा. १२ पॉइंटात, पानाला २८-२९ ओळी धरल्या तर एका पानावर साधारण २८० शब्द बसतात. साठ हजार शब्दांची कादंबरी २१५ पानांच्या आसपास, वर सुरुवातीची ८ पानं. म्हणजे १४ फॉर्मे, २२४ पानं. दोनतीन पानं जरी वर गेली तरी पंधरावा फॉर्मा, निदान अर्धा फॉर्मा लागतो. तेव्हा प्रकरणांच्या सुरुवातीची मोकळी जागा कमी करून बसतं का ते बघा. कागदाचा हिशेब असा: २३ बाय ३६ इंचाच्या एका शीटमधून दोन फॉर्मे निघतात, म्हणून हजार प्रतींना दर फॉर्म्याला एक रीम (पाचशे शीट), पाचशेला अर्धी. १४ फॉर्म्यांच्या पाचशे प्रतींना सात रीम, वर तीन ते पाच टक्के नासधूस. हा आकडा माहीत असला की दरपत्रकातला कागद कुठं फुगलाय ते लगेच कळतं.

कागद ७० जीएसएम (चौरस मीटरला ७० ग्रॅम) नॅचरल शेड मॅपलिथो, मुखपृष्ठ ३०० जीएसएम आर्ट कार्ड. याहून जाड कागदाचा मोह टाळा, आणि याचं कारण टपालात आहे. २२४ पानांचं आतलं वजन सुमारे २३५ ग्रॅम भरतं, मुखपृष्ठाचं २० धरा. म्हणजे पुस्तक २५५ ग्रॅम. पुठ्ठ्याच्या पाकिटाचे ४० ग्रॅम मिळवले की २९५. टपाल खात्याची पुस्तकांसाठीची ज्ञान पोस्ट १ मे २०२५ पासून सुरू आहे. तिचा पहिला टप्पा ३०० ग्रॅमपर्यंत, दर २० रुपये अधिक कर, आणि ५ किलोला १०० रुपये. एक फॉर्मा वाढला किंवा कागद ८० जीएसएमचा घेतला की प्रत्येक पाकीट पुढच्या टप्प्यात जातं. पाकीट जमिनीवरच्या वाहतुकीनं जातं, म्हणून वाचकाला दिवस थोडे जास्त सांगा. पुस्तकावर मुद्रक किंवा प्रकाशकाचं नाव छापलेलं असू द्या, आणि पहिल्यांदा नमुना पाकीट खिडकीवर दाखवून, तोलून घ्या.

अंतिम पीडीएफमध्ये मजकूर फक्त काळ्या शाईत आहे ना ते बघा. चार रंगांचा मिळून काळा झाला असेल तर अक्षरांना सावली येते. कण्याची जाडी नुसत्या हिशेबानं ठरवू नका. त्याच कागदाची कोरी डमी बांधून घ्या, पट्टीनं मोजा आणि मग मुखपृष्ठ पक्कं करा. कागदाचा धागा, म्हणजे त्यातल्या तंतूंची दिशा, कण्याला समांतर असावा, असं मुद्दाम सांगा. आडवा धागा असला की पुस्तक उघडं राहत नाही आणि पावसाळ्यात पानांना लाटा येतात. आपल्याकडं जून ते सप्टेंबर हवा इतकी ओली असते की एका बाजूनं लॅमिनेशन केलेलं मुखपृष्ठ वळतं, कारण आतली उघडी बाजू दमट हवा पिते. शक्यतो दिवाळीनंतर छापा. त्याआधी दिवाळी अंकांमुळं छापखाने तसेही भरलेले असतात. परफेक्ट बाइंडिंगची, म्हणजे गोंदानं चिकटवलेली, एक प्रत मधोमध उघडून तळहातानं दाबा, मग एक पान ओढा. पान सुटलं तर सगळा गठ्ठा परत. तीनशे पानांच्या वर असेल तर शिलाईच घ्या.

किती छापायच्या? तीनशेच्या आसपासपर्यंत डिजिटल छपाई परवडते, त्यापुढं ऑफसेट (प्लेटवरची) छपाई. पैशाचं गणित उदाहरणानं मांडतो. किंमत ३००, सगळा खर्च धरून, म्हणजे संपादन-शोधन-चित्रासकट, प्रत पडली ११० ला. दुकानाला ३५ टक्के दिले तर १९५ हातात, सुटले ८५. वितरकाला ५० टक्के दिले तर सुटले ४०. वाचकाला थेट पाठवलं, पाकीट-टपालाचे ४० आपण सोसले, तर १५०. प्रकाशकाकडं १० टक्के मानधनानं ३० मिळाले असते, पण तिथं खिशातले ५५ हजार गुंतले नसते. दुकानाच्या दरानं ते ५५ हजार सुटायला २८३ प्रती विकाव्या लागतात. आणि पाचशेतल्या चाळीसएक प्रती परीक्षण, पुरस्कार, भेट यांत जातातच. त्यातल्या चार कायद्यानं द्यायच्या आहेत: १९५४ च्या कायद्यानुसार प्रसिद्धीपासून ३० दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला एक आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांना एकेक, स्वखर्चानं. छापील पुस्तकावर जीएसटी शून्य आहे, आणि फक्त करमुक्त वस्तू विकणाऱ्याला नोंदणीची सक्ती नाही.

दुकानं जांगड मागतात, म्हणजे विकल्या तेवढ्या प्रतींचे पैसे, उरलेल्या परत. कोल्हापूरच्या महाद्वार रोड, राजारामपुरीपासून पुण्याच्या अप्पा बळवंत चौकापर्यंत पद्धत तीच. द्या, पण एका ठिकाणी पाच ते दहाच प्रती द्या, दोन प्रतींत चलन करा, आणि त्यावर सवलत, हिशेबाची तारीख आणि खराब प्रत कुणाच्या खाती हे लिहून सही घ्या. दर तीन महिन्यांनी फोन करावा लागतो. तुम्ही विसरलात की दुकानही विसरतं. गठ्ठे वीस-वीसचे, सुमारे पाच किलोचे करा, चढवाय-उतरवायला सोपे.

ग्रंथालयांकडं मात्र सगळ्यांत जास्त लक्ष द्या. कोल्हापूरचं १८५० चं करवीर नगर वाचन मंदिर असो की तालुक्याचं वाचनालय, तिथं एका प्रतीला अनेक वाचक मिळतात. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखालच्या अ, ब, क, ड वर्गांच्या मान्यताप्राप्त वाचनालयांना अनुदानातून खरेदी करायची असते, त्यांना नीट बिल लागतं. ग्रंथालय संचालनालयाच्या शासनमान्य ग्रंथांच्या यादीसाठी प्रत वेळेत पाठवा. प्रकाशनाचं वर्ष पुस्तकात ठळक असू द्या.

ई-बुकबद्दल थोडक्यात. ॲमेझॉनच्या किंडलवर मराठी २०१६ पासून आहे. भारतातल्या विक्रीवर ७० टक्के वाटा हवा असेल तर त्यांच्या केडीपी सिलेक्ट योजनेत राहावं लागतं, म्हणजे ९० दिवस ई-बुक दुसरीकडं ठेवता येत नाही. छापील पुस्तकाला ही अट नाही. ७० टक्क्यांत फाइलच्या दर एमबीला ७ रुपये कापले जातात, तेव्हा चित्रं हलकी ठेवा. परगावी गेलेल्या वाचकांसाठी ठेवावं असं माझं मत, पण त्यावर खर्चाची भिस्त ठेवू नये.

साठा एकाच जागी ठेवू नका. २०१९ आणि २०२१ च्या पुरात कोल्हापुरातल्या शाहूपुरीच्या सखल भागात पाणी शिरलं आणि शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला. जूनच्या आधी गठ्ठे वरच्या मजल्यावर, फळीवर, भिंतीपासून वीतभर लांब न्या, आणि पन्नासेक प्रती पुण्यात कुणाकडं तरी ठेवा, म्हणजे रस्ता बंद असला तरी मागण्या निघत राहतात.

दुसऱ्या आवृत्तीची तयारी साठ प्रती शिल्लक असतानाच सुरू करा. कागद, छपाई, बांधणी मिळून महिना सहज जातो. पहिल्या आवृत्तीतल्या चुका वाचक कळवतील तशा एका प्रतीत लाल शाईनं करत राहा, आणि मांडणीची मूळ फाइल, फाँट आणि मुखपृष्ठाची थर न मिटवलेली फाइल पैसे देतानाच पेन ड्राइव्हवर ताब्यात घ्या.