शनिवारचा वजनाचा ग्रुप, १६ आठवडे केला, मनापासून सांगते

घराजवळच्या डायटिशियन मॅडमचा ग्रुप क्लास गेल्या शनिवारी संपला. १६ आठवडे, दर शनिवारी सकाळी ९ ते १०, फी ४,५०० रुपये, आम्ही १४ जणं. मी ७८.४ किलोला सुरू केलं, शेवटी ७३.१.

आधी एका जिमला जायचे तिथे वजन सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायचे, महिन्यात जाणं सोडलं. इथे काटा पडद्याआड आणि आकडा चिठ्ठीवर लिहून फक्त आपल्या हातात देतात. मला हे फार महत्त्वाचं वाटलं.

२० किलो कमी करा असं कोणी म्हणत नाही, सुरुवातीच्या वजनाच्या ७ टक्के आणि आठवड्याला १५० मिनिटं भरभर चालणं, बस. हे अमेरिकेतल्या डायबिटीस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅमवरून घेतलंय, २००२ साली त्याचे रिझल्ट छापून आले, डायबिटीसच्या उंबरठ्यावरच्या लोकांमध्ये पुढे डायबिटीस होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झालं होतं. माझं एचबीएवनसी (रक्तातल्या तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) ६.१ आलेलं, म्हणजे मीही उंबरठ्यावरच, आणि आईला डायबिटीस, त्यामुळे तो आकडा डोक्यात पक्का बसला.

सगळ्यात भारी तास तेलाचा. मॅडमनी विचारलं घरी महिन्याला तेल किती लागतं, मी म्हटलं ५ लिटरचा डबा, माणसं चार. त्यांनी फळ्यावर भागाकारच मांडला, ५ लिटर म्हणजे साडेचार किलो, भागिले चार, भागिले तीस, माणशी रोज ३८ ग्रॅम, म्हणजे आठेक चमचे! आणि मी वर्षभर भात सोडून बसले होते. आता फोडणीला पळी नाही, चमचा. उपासाचंही तसंच, एकादशी दुप्पट खाशी हे लहानपणापासून ऐकलेलं, पण साबुदाणा खिचडीतलं दाण्याचं कूट आणि तूप वाटीने मोजून बघितलं तेव्हा कुठे पटलं.

पण खरं काम ग्रुपनेच केलं. सातव्या आठवड्यात भाच्याचं लग्न झालं, घरच्या काट्यावर ६०० ग्रॅम वाढलेले दिसले, मी दांडी मारायचं ठरवलं. शेजारी बसणाऱ्या काकूंचा पावणेनऊला फोन, "अगं वाढलंय म्हणूनच ये ना, कमी झाल्यावर काय कोणीही येतं." गेले. तिथे आणखी तिघांचं वाढलेलं होतं, मग तो पूर्ण तास आम्ही लग्नाच्या पंगतीत आग्रह कसा मोडायचा यावरच बोललो, एकटीने डाएट करताना हे कोणाशी बोलणार होते मी.

तक्रारी आहेत. हॉल तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, गुडघे दुखणाऱ्यांचे फार हाल होतात, दोन आजी त्यामुळेच मध्येच थांबल्या याचं खूप वाईट वाटलं. आणि कोर्स संपल्यावर पुढे काहीच नाही, खरी भीती तर वजन परत वाढायचीच असते, महिन्यातून एकदा तरी भेट ठेवायला हवी, मॅडमना सांगितलंय. तोवर आम्ही सहा जणी शनिवारी ९ ला बागेत भेटतोय, काटा काकू घेऊन येतात.