फॉर्म बी च्या नावाखाली १,४३,९१४ रुपये गेले. ठाण्यातल्या छोट्या हॉस्पिटलवाल्यांनो, वाचा

लिहू की नको करत तीन आठवडे काढले. बायको म्हणते कशाला स्वतःची शोभा करून घेताय, पेशंट वाचतील. वाचू देत, हॉस्पिटलचं नाव कुठे टाकतोय मी.

तर बायको गायनॅक, ठाण्यात आमचं बारा बेडचं मॅटर्निटी होम आहे, तळमजला आणि पहिला मजला, वर लोक राहतात. मी बँकेतून व्हीआरएस घेतली आणि गेली सहा वर्षं तिथलं बिलिंग, लायसन्स, मेंटेनन्स सगळं मीच बघतो. बँकेत २८ वर्षं होतो, त्यातली अकरा कर्ज विभागात. खोटे सातबारे, खोट्या सॅलरी स्लिपा नुसत्या हातात घेतल्या तरी कळायच्या. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचून कुणीतरी विचारणारच की काका तुम्हाला कागद बघता येत नव्हता का. येत होता.

गेल्या जुलैची गोष्ट. हॉस्पिटलवाल्यांना फॉर्म बी काय ते सांगायला नको. बाकीच्यांसाठी एवढंच की महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंधक कायदा आहे, त्यानुसार आगीची यंत्रणा चालू स्थितीत आहे असं सर्टिफिकेट लायसन्सवाल्या एजन्सीकडून घेऊन दर जानेवारी आणि जुलैत अग्निशमन अधिकाऱ्याकडे द्यायचं असतं. आमच्या जुन्या एजन्सीवाल्याने धंदा बंद केला आणि तो गावी निघून गेला, मी नवीन शोधतच होतो. म्हणजे हातावर हात ठेवून बसलो नव्हतो. त्यात हा आला.

२१ जुलैला, धो धो पावसात. पस्तिशीचा माणूस, इस्त्रीचा शर्ट, गळ्यात आयडी, हातात टॅब. आल्या आल्या म्हणाला, सर तुमचा जुलैचा फॉर्म बी पेंडिंग दाखवतोय. मला वाटलं बापरे, याच्याकडे लिस्ट आहे. आता कळतंय की जुलैत कुठल्याही छोट्या हॉस्पिटलात जाऊन हे वाक्य टाकलं की निम्म्या ठिकाणी बरोबरच लागतं.

मग टॅबवर फोटो दाखवले. भंडारा, ९ जानेवारी २०२१, नवजात बाळांच्या वॉर्डातली आग, दहा बाळं गेली. मग मुंब्रा, २८ एप्रिल २०२१, चार पेशंट. हे तर तुमच्या ठाण्यातलंच ना सर, म्हणाला. आमच्याकडे बाळांची खोली आहे, दोन वॉर्मर आहेत. बायको ओपीडीतून उठून आली होती, तिने ते फोटो बघितले, काही बोलली नाही, जाता जाता फक्त म्हणाली, करून टाका. मला आजही त्या माणसाचा सगळ्यात जास्त राग याचाच येतो. मेलेल्या बाळांचे फोटो दाखवून त्याने ऑर्डर घेतली आणि मग त्याच बाळांच्या खोलीतलं काम खोटं केलं.

कोटेशन असं होतं. फॉर्म बी सर्टिफिकेट १८,०००. आग विझवायचे एबीसी पावडरचे दहा सिलेंडर रिफिल ९,५००. सीओटूचे, म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायूचे, चार रिफिल ६,४००. स्मोक डिटेक्टर २२ नग बदली, १,४५० प्रमाणे ३१,९००. डिटेक्टर ज्याला जोडलेले असतात ते अलार्मचं पॅनल रिपेअर २६,५००. एकूण ९२,३००, वर १८ टक्के जीएसटी १६,६१४, म्हणजे १,०८,९१४. रेट अजिबात जास्त नव्हते, मी दोन ठिकाणी फोन करून विचारलं होतं. स्वस्त देणारा फसवतो असं आपल्याला शिकवलेलं असतं, हा बाजारभावाने फसवून गेला.

आता राहिले ३५,०००. हे लिहायला लाज वाटतेय पण लिहितो. आमचा जिना जुन्या बिल्डिंगचा आहे, एक मीटर वीस सेंटिमीटर. नॅशनल बिल्डिंग कोड २०१६ मध्ये हॉस्पिटलला दोन मीटर सांगितलाय. स्ट्रेचर वळवायला त्रास होतो हे मलाही माहीत आहे, पण भिंत सोसायटीची, ती काय मी रात्रीत तोडू? हा म्हणाला सर जिन्याचं मी बघतो, वरचं चलन लागेल, कॅशमध्ये. चलन कॅशमध्ये! ट्रेझरीची चलनं स्वीकारण्यात ज्याचं आयुष्य गेलं त्या माणसाने पस्तीस हजार पाकिटात घालून दिले, पावतीसुद्धा मागितली नाही. आणि पुढे सर्टिफिकेट आलं त्यात स्वच्छ लिहिलं होतं, जिन्याची रुंदी २.० मीटर. मी ते वाचलं, आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं. टेप लावून कुणीही मोजू शकेल असं खोटं त्या कागदावर होतं आणि मी तो लॅमिनेट करून फाइलला लावला. जिना सोडून बाकी सगळं खरंच असेल असं मी का धरून चाललो, कोण जाणे.

पण ज्या क्षणी मला कळायला हवं होतं तो हा नव्हे, त्याच्याही आधीचा. २८ जुलैला सकाळी तो दोन पोरं घेऊन रिफिलिंगला आला. टेम्पो नाही, मशीन नाही, वजनकाटा नाही. एक सॅक. सगळे सिलेंडर मागच्या पॅसेजमध्ये नेले, पेशंट बघतात म्हणून दार लावून घेतलं, आणि पन्नास मिनिटांत चौदाच्या चौदा सिलेंडर नवीन चकचकीत लेबलं लावून परत भिंतीवर. मी घड्याळ बघून मनात म्हटलं, वा, काय स्पीड आहे. आमच्या सफाईच्या मावशी झाडू घेऊन पॅसेजच्या बाहेर उभ्या होत्या, त्यांना मीच सांगितलं होतं की पावडर सांडेल, लगेच काढून घ्या. त्या आत जाऊन आल्या आणि म्हणाल्या, साहेब, पावडर भरली म्हणता, मग सांडली कशी नाही काहीच? लादी तर मी सकाळी पुसली तशीच आहे.

मी काय म्हणालो असेन? म्हणालो, मावशी, तुमचं काम बघा, ते प्रोफेशनल लोक आहेत.

हे वाक्य रोज रात्री आठवतं. पैशांपेक्षा हे जास्त टोचतं.

तेवढ्यात त्याने माझ्यासमोर ओटीबाहेरचा सीओटू उचलला आणि म्हणाला प्रेशर एकदम ओके सर. सीओटूच्या सिलेंडरला प्रेशरचा काटाच नसतो हो! एबीसीला असतो, हिरवी पट्टी वगैरे. सीओटू वजन करूनच बघावा लागतो, रिकाम्याचं वजन त्याच्यावरच ठोकलेलं असतं, भरलेल्या वायूच्या वजनात दहा टक्क्यांहून जास्त घट झाली की परत भरायचा. हे मला फेब्रुवारीत कळलं. जो वजनकाट्याशिवाय सीओटू तपासतो त्याला तिथल्या तिथे जिन्याने खाली पाठवा, जिना कितीही अरुंद असला तरी.

पैसे असे गेले: २२ जुलैला ५०,००० यूपीआयने, ३० जुलैला ५८,९१४ यूपीआयने, मधे ते ३५,००० रोख. यूपीआयवर नाव फर्मचं आलं नाही, कुठल्यातरी माणसाचं आलं. विचारलं तर म्हणाला करंट अकाउंटचं केवायसी चालू आहे सर, तुम्हाला तर माहीतच आहे बँकांचं. बँकवाल्याला केवायसीचं कारण सांगून गंडवलं! आणि मी वर हसलो. बिलावरचा जीएसटी नंबर २९ ने सुरू होत होता, तो कर्नाटकाचा, आपला २७. बिल माझ्या हातात सात महिने होतं.

फेब्रुवारीत फुटलं. आमची नर्सिंग होमची नोंदणी यंदा ३१ मार्चला संपत होती, तीन वर्षांची असते, रिन्यूअलच्या फाइलला आगीचे कागद लागतात. खिडकीवरच्या बाईंनी फाइल चाळली आणि दोन मिनिटांत म्हणाल्या, हा पोचेचा शिक्का आमचा नाही, आणि हा आवक नंबर तर आमच्या रजिस्टरला असूच शकत नाही. फॉर्म बी दिल्याची ती पोच त्यानेच व्हॉट्सॲपवर पाठवली होती. माझ्या कानात शिट्टी वाजल्यासारखं झालं. बाहेर येऊन सर्टिफिकेटवरच्या एजन्सीचा नंबर नेटवरून शोधून फोन केला. फर्म खरी निघाली, पण दुसऱ्या जिल्ह्यातली, मालक म्हणाले ठाण्यात आम्ही कधी कामच केलेलं नाही, आणि आमचं लायसन्स तर रिन्यूही केलेलं नाहीये. त्यांचं लेटरहेड स्कॅन करून वापरलं होतं.

लायसन्सवाल्या एजन्सींची यादी राज्याच्या अग्निशमन सेवा संचालनालयाच्या वेबसाइटवर असते. फुकट. पाच मिनिटांचं काम. यादीतला फोन लावायचा, माणसाने दिलेल्या कार्डावरचा नाही.

मग खरी एजन्सी आणली. त्यांच्या पोराने आधी सिलेंडरचं लेबल नखाने खरवडलं, खाली जुनं लेबल, तीन वर्षांपूर्वीचं. पावडर आत दगडासारखी बसलेली. चारपैकी तीन सीओटू जवळजवळ रिकामे, त्यातला एक बाळांच्या खोलीबाहेरचा. २२ डिटेक्टर नवीन दिसत होते खरे, नुसत्या टोप्या, फॉल्स सीलिंग उघडलं तर वायर कापून वर लोंबत होती. मी म्हटलं अहो पण पॅनल तर नॉर्मल दाखवत होतं, हिरवा दिवा होता. तर म्हणाला, लाइनच्या शेवटच्या डिटेक्टरला जो रेझिस्टर असतो तो काढून पॅनलच्याच टर्मिनलला लावलाय. म्हणजे पॅनलला वाटतं सगळी लाइन ठीक आहे, प्रत्यक्षात त्याला काही जोडलेलंच नाही. २६,५०० रुपये रिपेअरिंगचे घेऊन माणसाने चालू पॅनल आंधळं करून ठेवलं होतं. सात महिने. त्या सात महिन्यांत आमच्याकडे किती डिलिव्हऱ्या झाल्या ते मी मुद्दाम मोजलेलं नाही.

टेस्ट घेतली नव्हती का? घेतली होती ना. त्याने पॅनलचं बटण दाबून हूटर, म्हणजे भोंगा, वाजवून दाखवला. त्याने फक्त हूटर वाजतो एवढंच सिद्ध होतं. मी धुराची टेस्ट मागितली होती, तर म्हणाला बाळंतिणी आहेत सर, आत धूर नको. कुठल्या माणसाने यावर हट्ट धरला असता सांगा. आता कळलं की टेस्टिंगचा स्प्रे मिळतो, डिटेक्टरखाली एक फुसकारा मारला की झालं. प्रत्येक डिटेक्टरला मारून घ्या, दोन-चार नमुन्याला नको, प्रत्येक.

आता तक्रारीचं ऐका. आधी गेलो पोलीस स्टेशनला, कुठलं ते लिहीत नाही. अर्ज घेतला, वाचला, आणि म्हणाले काम केलंय ना त्याने, काम नीट केलं नाही तर तो सिव्हिल मॅटर आहे, कोर्टात जा. मी म्हटलं साहेब खोटा शिक्का आहे, खोटं लेटरहेड आहे, जुनी चारशे वीस आता न्याय संहितेत ३१८ झालीय ती लावा, बनावट दस्ताची वेगळी लावा. तर म्हणाले तुम्ही वकील आहात का. शिक्का ज्यांचा आहे त्यांना तक्रार करायला सांगा. शिक्का ज्यांचा त्यांच्याकडे गेलो, चार मजले, लिफ्ट बंद. तिथले साहेब म्हणाले फसवणूक तुमची झालीय, आम्ही का तक्रार करू, आणि हळूच म्हणाले, खोटं सर्टिफिकेट फाइलला तुम्ही लावलंत, कायद्याने जबाबदारी मालकाची, जास्त खोलात जाऊ नका. म्हणजे मी चोर! तिसऱ्या ठिकाणी, जिथून एजन्सींना लायसन्स मिळतं म्हणतात, त्यांनी सांगितलं ज्याच्याकडे लायसन्सच नाही त्याच्यावर आम्ही काय कारवाई करणार, लायसन्स असतं तर रद्द केलं असतं. हे वाक्य परत एकदा वाचा. सायबरवाले म्हणाले सात महिने झाले, खात्यात काही उरलं असेल का, पहिल्या काही तासांत १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करायला हवा होता. अहो मला सात महिने कळलंच नव्हतं की मी लुटला गेलोय!

एकाही ठिकाणी कुणी विचारलं नाही की हा माणूस आणखी किती हॉस्पिटलांत गेला असेल. मला तरी वागळे इस्टेटपासून ऐरोलीपर्यंतच्या तीन डॉक्टरांची नावं कळलीत, तिघांचाही फॉर्म बी त्याच साच्यातला, जिना २.० मीटर. तिघांपैकी एकही तक्रार करायला तयार नाही, का ते मला विचारू नका, पस्तीस हजारांचं पाकीट त्यांनीही दिलं असणार. रोख मागितली की समजा तो तुमचं तोंड विकत घेतोय, पैसे तुमचेच.

सध्याची परिस्थिती: खऱ्या कामाला १,२७,००० वेगळे गेले. जिन्याचं अजून लटकलंय, आर्किटेक्टला बोलावलंय, मागच्या बाजूने लोखंडी जिना बसतो का ते बघतोय, सोसायटीच्या मीटिंगमध्ये दोन जण विरोधात आहेत. ‘पोच’ असं ज्याला म्हणतात तिचा नंबर त्याच दिवशी खिडकीवर स्वतः जाऊन तपासून घ्या, नाही तर दहा रुपये भरून माहिती अधिकारात विचारा. मी आता हेच करतोय, तो आवक नंबर कुणाच्या नावावर आहे ते लेखी मागितलंय, तीस दिवस येत्या गुरुवारी संपतात.

पोलिसांनी शुक्रवारी परत बोलावलंय, रिफिल केलंच नाही याला पुरावा काय म्हणून. बाळांच्या खोलीबाहेरचा तो सिलेंडर मी तसाच ठेवलाय, अर्धं खरवडलेलं लेबल आणि खालचं जुनं लेबल दिसतंय असा, कचऱ्याच्या पिशवीत बांधून. रिक्षात घालून तोच घेऊन जाणार आहे. मावशींनाही विचारलं, पुसलेल्या लादीचं सांगायला याल का म्हणून. म्हणाल्या येते, पण त्या दिवसाचा खाडा धरू नका साहेब.