पर्यवेक्षकांसाठीची कार्यमूल्यमापन कार्यशाळा: दुपारसाठी जावे
चाकणच्या कारखान्यांतील पर्यवेक्षकांसाठी एका प्रशिक्षण संस्थेने घेतलेल्या या कार्यशाळेत नेतृत्वावरील सकाळचे व्याख्यान नेहमीच्या पठडीतले होते. दुपारचे सत्र मात्र पैसे वसूल करणारे ठरले. ‘तुमचे काम ढिले आहे’ असे मोघम न बोलता ‘मंगळवारी दुसऱ्या पाळीत जॉब कार्डावर (कामाच्या नोंदपत्रकावर) मापांची नोंद राहिली, त्यामुळे तपासणी अडली’ असे नेमके कसे सांगावे, याचा सराव प्रशिक्षकांनी, समोरच्याचे म्हणणे मध्येच न तोडण्याच्या अटीवर, प्रत्येकाकडून करवून घेतला. मायक्रोसॉफ्टने २०१३ मध्ये मोडीत काढलेली, ठरावीक लोकांना तळाच्या श्रेणीत टाकायलाच लावणारी सक्तीची क्रमवारी येथे आदर्श म्हणून शिकवली गेली, हे खटकले. (जेवण, सांगायलाच हवे, उत्तम होते.) अप्रेझलचे अर्ज भरण्यापूर्वी नव्या पर्यवेक्षकांना अवश्य पाठवावे.