‘च’चं इंग्रजी करताना: ‘इट वॉज’ की वाक्याचा शेवट?

मराठीतून इंग्रजीत भाषांतर करायला बसलं की ‘च’पाशी हात थांबतो. ‘शटर वॉचमननेच उघडलं’ यातला जोर इंग्रजीत कसा आणायचा? बोलताना आवाजावर भागतं. कागदावर शब्दांच्या जागाच बदलाव्या लागतात, आणि रोजच्या कामाला येणारे मार्ग माझ्या मते दोन. ‘इट वॉज द वॉचमन हू ओपन्ड द शटर’, नाहीतर ‘द शटर वॉज ओपन्ड बाय द वॉचमन’. पहिल्याला ऑटो येस्पर्सन या व्याकरणकाराने १९३७ साली क्लेफ्ट, म्हणजे दुभंगलेलं वाक्य, असं नाव दिलं. दुसऱ्यात महत्त्वाचा शब्द नुसता शेवटी नेऊन ठेवायचा.

मी बरीच वर्षं ‘इट वॉज’वाला होतो. ‘च’ दिसला की हात आपोआप तिकडे वळायचा. शिवाय आपल्या वाक्याचा शेवट बहुतेक वेळा क्रियापदाचा, आणि जोराची जागा त्याच्या लगेच अलीकडे. त्यामुळे इंग्रजी वाक्याच्या शेवटी एवढं वजन असतं हे आपल्या कानाला पटकन जाणवत नाही.

मग एका दुकानदाराच्या विम्याच्या दाव्याचं काम आलं. गोदामात पाणी शिरलं होतं. जबाबात वरचंच वाक्य होतं आणि त्यातला ‘च’ साधा होता: दुसऱ्या कुणी नाही, आमच्याच माणसाने उघडलं, काळजी नको. मी सवयीने ‘इट वॉज द वॉचमन’ लिहिलं. कागद परत आला तेव्हा त्या वाक्याखाली पेन्सिलीची रेघ होती आणि समासात प्रश्न: आणखी कुणावर संशय होता का? दुकानदाराला पुन्हा बोलावून खुलासा लिहून द्यावा लागला. वॉचमनचं नाव उगाच चर्चेत आलं, ते मला फार लागलं.

चूक व्याकरणाची नव्हती. ‘इट वॉज’ म्हटलं की शटर कुणीतरी उघडलं हे वाचणाऱ्याला आधीच माहीत आहे असं धरलं जातं, आणि वाक्य ‘मग कोणी?’ याचं उत्तर होतं. उत्तरातून बोट रोखल्यासारखं वाटतं. तो प्रश्न कुणी विचारलेलाच नसेल, तर वाचणारा तो स्वतः तयार करतो.

दुरुस्ती करायची असेल तेव्हा मात्र ‘इट वॉज’ला तोड नाही. समोरच्याने बुधवार लिहिलाय आणि खरा वार मंगळवार आहे, तिथे मी आजही तेच वापरतो.

शेवटाच्या मार्गातही कटकट आहेच. इंग्रजीत वार, वेळ, ठिकाण वाक्याच्या शेपटाला लोंबतात आणि मोक्याची जागा अडवतात. ‘द चेक बाउन्स्ड ऑन मंडे’ यात कान ‘मंडे’वर थांबतो. ‘ऑन मंडे द चेक बाउन्स्ड’ केलं की चेकचं काय झालं ते ऐकू येतं. कर्ता शेवटी न्यायचा तर ‘बाय’ लावून कर्मणी प्रयोग करावा लागतो. तो टाळा असं शाळेत शिकवतात. या एका कामासाठी मला तो बिनधास्त वापरावासा वाटतो.

‘नेव्हर’ पुढे आणून वाक्य उलटं करण्याचा तिसरा मार्ग भाषणाचा, अर्जा-जबाबांत तो शोभत नाही. पण तिथेही शेवट काय करतो ते पाहा. २० ऑगस्ट १९४० रोजी चर्चिल ब्रिटिश संसदेत वैमानिकांबद्दल म्हणाले: ‘नेव्हर इन द फील्ड ऑफ ह्यूमन कॉन्फ्लिक्ट वॉज सो मच ओड बाय सो मेनी टू सो फ्यू’. सुरुवात ‘नेव्हर’ने दणक्यात होते, तरी मनात राहतात ते शेवटचे ‘फ्यू’. ‘ह्यूमन कॉन्फ्लिक्ट’चा तुकडा उचलून शेवटी ठेवून वाचा, वाक्य ढेपाळतं.

कथा-कादंबऱ्यांचं भाषांतर करणाऱ्यांचा अनुभव कदाचित वेगळा असेल. माझ्यापुरतं सांगायचं तर पहिला खर्डा झाला की मी प्रत्येक वाक्याचा फक्त शेवटचा शब्द वाचत खाली येतो. परवाच्या अकरा पानी जबाबात ‘इट वॉज’ एकदाच राहिलं, तेही चुकलेल्या तारखेसाठी.