झोटेरो, मेंडले का एंडनोट? नेटवरच्या पीडीएफ नीट ठेवायच्या असतील तर

"ताई, झोटेरो घेऊ का मेंडले?" पीएचडीच्या कोर्सवर्कची नवी बॅच आली की हा प्रश्न येतोच. झोटेरो, मेंडले आणि एंडनोट ही पेपरच्या पीडीएफ आणि संदर्भांच्या नोंदी सांभाळणारी सॉफ्टवेअर. यावेळी तर एकाच आठवड्यात परभणीहून एकानं, नांदेडहून दोघांनी आणि आमच्या संभाजीनगरच्या हॉस्टेलमधल्या तिघींनी विचारलं, म्हणून एकदाच सविस्तर लिहायलेय. माझा विषय मराठवाड्याचा सिंचन अनुशेष, म्हणजे सिंचनात मराठवाडा किती मागं राहिला ते. त्यामुळं माझ्याकडं सगळ्या तऱ्हेच्या पीडीएफ आहेत, इंग्रजी जर्नलचे पेपर, सरकारी अहवाल, शोधगंगा या ऑनलाइन भांडारातले पीएचडीचे प्रबंध आणि स्कॅन केलेली जुनी मराठी मासिकं. हे आधी सांगायचं कारण असं की अशा तुलना बहुतेक वेळा फक्त इंग्रजी जर्नल डोळ्यापुढं ठेवून केलेल्या असतात, आणि आपलं काम तेवढ्यावर भागत नाही.

परवा एका ज्युनिअरचा लॅपटॉप बघितला. डाउनलोड फोल्डरमध्ये चारशेच्या वर पीडीएफ, नावं काय तर 'मेन (१७)', 'डाउनलोड (४)', 'फुलटेक्स्ट', आणि नुसत्या आकड्यांची लांबलचक नावं तर किती. सिनॉप्सिसमध्ये, म्हणजे संशोधनाच्या आराखड्यात, तिनं भूजल पातळीचा एक आकडा दिलाय, गाईडनी विचारलं हा कुठून घेतला, तर ते तिला सापडेना. संध्याकाळी सहाला बसलो ते नऊपर्यंत आम्ही दोघी एकेक फाइल उघडून बघत होतो. सापडला शेवटी, पण तोच पेपर तिनं तीन वेळा वेगवेगळ्या दिवशी उतरवून घेतलेला होता आणि तिन्हीमध्ये वेगवेगळ्या ओळी पिवळ्या केलेल्या.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की सॉफ्टवेअर निवडताना संदर्भसूची कोण किती छान करतं हे बघत बसू नका, ते तिघंही करतात. पीडीएफ सेव्ह करायच्या त्या एका क्षणाला काय होतं ते बघा, आणि सेव्ह केलेली फाइल कुणाच्या ताब्यात राहते ते बघा.

आधी एक गोष्ट समजून घ्या, मग पुढचं सोपं जाईल. जर्नलच्या वेबसाइटवर पेपरचं जे पान असतं ना, सारांश वगैरे दिलेलं, त्या पानाच्या पोटात लेखकाचं नाव, वर्ष, अंक, पृष्ठं, डीओआय (पेपरचा कायमचा ओळख क्रमांक) असं सगळं मशीनला वाचता येईल असं लिहून ठेवलेलं असतं. पीडीएफमध्ये ते बऱ्याचदा नसतं, असलं तरी चुकीचं असतं, कारण पीडीएफ म्हणजे शेवटी छापील पानाचा फोटोच म्हणा. तर सॉफ्टवेअर कुठलंही घ्या, पीडीएफ उघडून मग सेव्ह करू नका, एक पाऊल मागं या आणि त्या पेपरच्या पानावरून सेव्ह करा. निम्म्या तक्रारी इथंच संपतात.

आता झोटेरो. हे २००६ साली अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठातल्या इतिहासाच्या लोकांनी काढलं, फुकट आहे, ओपन सोर्स आहे. लॅपटॉपवर मुख्य प्रोग्रॅम टाकायचा आणि ब्राउझरमध्ये कनेक्टर नावाचं छोटं जोड-सॉफ्टवेअर टाकायचं. पेपरच्या पानावर गेलात की कनेक्टरचं चिन्ह कागदासारखं दिसतं, पुस्तक असेल तर पुस्तकासारखं, आणि यादी असेल तर फोल्डरसारखं. एक क्लिक केलं की नोंद तयार होते, तुमच्या ब्राउझरला ती पीडीएफ उघडायची परवानगी असेल तर पीडीएफ पण बहुतेक वेळा पाठोपाठ येते, आणि फाइलला लेखक-वर्ष-शीर्षक असं नाव आपोआप मिळतं. 'मेन (१७)' चा विषयच संपला. थेट पीडीएफच उघडलेली असेल तर चिन्ह पीडीएफचं दिसतं, तेव्हा झोटेरो आधी फाइल घेतं आणि मग पहिल्या काही पानांतला मजकूर त्यांच्या सर्व्हरला पाठवून ही कशाची आहे ते ओळखायचा प्रयत्न करतं. इंग्रजी पेपर असेल, डीओआय छापलेला असेल, तर बहुतेक वेळा ओळखतं. मात्र सेव्ह करताना झोटेरो प्रोग्रॅम उघडा ठेवा, हे विसरू नका.

मेंडलेचा वेब इम्पोर्टर, म्हणजे ब्राउझरमधलं तसंच जोड-सॉफ्टवेअर, पण वाईट नाही, हे प्रामाणिकपणे सांगते. पानावर गेल्यावर बाजूला पट्टी उघडते, त्यात सापडलेले संदर्भ दिसतात, टिक करायचं आणि जोडायचं, पीडीएफ मिळत असेल तर तीही येते. आणि हे थेट क्लाऊडवर जातं, त्यामुळं डिपार्टमेंटच्या कॉम्प्युटरवर बसून सेव्ह केलं आणि रूमवर येऊन वाचलं असं सहज जमतं. फुकटात २ जीबी जागा मिळते, झोटेरोत फक्त ३०० एमबी. नुसता हा आकडा बघून बरेचजण मेंडले घेतात.

पण थांबा. झोटेरोचे ३०० एमबी हे त्यांच्या सर्व्हरवरच्या फाइलींसाठी आहेत, तुमच्या लॅपटॉपवर कितीही ठेवा, काही मर्यादा नाही, आणि नोंदींच्या सिंकला (सर्व्हरशी जुळवून ठेवण्याला) ती मर्यादा लागूच नाही. एक पेपर साधारण एक-दीड एमबीचा धरला तर दोनशे-तीनशे पेपर त्यात बसतात. आपली अडचण वेगळीच आहे, जुना स्कॅन केलेला अहवाल पन्नास एमबीचा असतो आणि असे सहा टाकले की जागा संपली. त्याला दोन उपाय. एकतर फाइल सिंक बंद करा, नोंदींचं चालू ठेवा आणि फाइलींचा बॅकअप हार्डडिस्कवर घ्या. नाहीतर वेबडाव (नेटवरून फाइली ठेवायची एक पद्धत) देणारी एखादी क्लाऊड सेवा सेटिंगमध्ये जोडा, तुमच्या वैयक्तिक लायब्ररीसाठी ते चालतं. पैसे भरायचे असतील तर २ जीबीला वर्षाला २० डॉलर आहेत. एक मात्र करू नका, झोटेरोचा अख्खा डेटा फोल्डर गुगल ड्राइव्ह किंवा ड्रॉपबॉक्सच्या फोल्डरमध्ये नेऊन ठेवू नका, त्यानं डेटाबेस खराब होऊ शकतो.

मला झोटेरोत सगळ्यात जास्त महत्त्वाचं वाटतं ते हे की फाइली तुमच्या लॅपटॉपवर साध्या फोल्डरमध्ये असतात. आठ अक्षरांच्या विचित्र नावाचे फोल्डर दिसतात, पण आत उघडलं की साधी पीडीएफ. लाइट गेलीय, वायफाय बंद आहे, मोबाइलचा डेटा संपलाय, तरी सगळं उघडतं. मेंडलेचा आताचा प्रोग्रॅम क्लाऊडला धरून चालतो. २०१३ पासून ते एल्सव्हिअर या जर्नल काढणाऱ्या कंपनीच्या मालकीचं आहे, २०२१ मध्ये त्यांनी मोबाइल ॲप बंद केलं, आणि सप्टेंबर २०२२ पासून जुना डेस्कटॉप प्रोग्रॅम नव्यानं डाउनलोड करता येईना. ज्यांचं काम जुन्यावर बसलं होतं त्यांना बदलावं लागलं. पीएचडीला चार-पाच वर्षं लागतात हो, तेवढा काळ तुमचं सामान कुणाच्या घरात ठेवायचं याचा विचार करावा लागतो. माझी स्वतःची हार्डडिस्क दुसऱ्या वर्षी गेली होती, त्या दिवशी पोटात गोळा आला तो अजून आठवतो, पण झोटेरोचा फोल्डर आदल्या रविवारी कॉपी केलेला होता, म्हणून चार दिवसांचंच काम गेलं.

एंडनोटबद्दल थोडक्यात. क्लॅरिव्हेट कंपनीचं आहे, विकत घ्यावं लागतं, ३० दिवस ट्रायल मिळते. पीडीएफ आत घातली की त्यातला डीओआय शोधून नेटवरून माहिती भरतं, डीओआय नसला की बसा हातानं भरत. संस्थेनं लायसन घेतलेलं असेल, गाईड आणि लॅब त्यावरच असेल, तर जरूर वापरा, दमदार आहे. पण फेलोशिपच्या पैशातून स्वतः विकत घेऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे.

आता मराठी मजकुराचं. इथं तिघांपैकी कुणाच्याच आशेवर राहू नका. स्कॅन केलेल्या मासिकाला ओळखता येईल असा मजकूरच नसतो. आणि जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये केलेली पीडीएफ डोळ्याला देवनागरी दिसते पण कॉपी करून पेस्ट केली की इंग्रजी अक्षरांचा कचरा येतो, त्यामुळं शोधात पण ती सापडत नाही. मग हातानं नोंद करायची. झोटेरोत पीडीएफवर राइट क्लिक करून 'क्रिएट पॅरेंट आयटम' घ्यायचं, प्रकार निवडायचा, युनिकोड मराठीत नाव-शीर्षक टाइप करायचं, भाषेच्या रकान्यात मराठी लिहायचं. तीन मिनिटं लागतात. त्याच दिवशी करा, आठवड्यानं कुठला अंक होता ते आठवत नाही. पुस्तकावर आयएसबीएन असेल तर आधी जादूच्या कांडीच्या चिन्हावर क्लिक करून तो टाकून बघा, कधीकधी मिळून जातं.

सरकारी अहवालांचं पण तसंच. १९८४ चा प्रादेशिक अनुशेषावरचा दांडेकर समितीचा अहवाल किंवा २०१३ चा समतोल विकासावरचा केळकर समितीचा, हे आमच्या विषयात पानोपानी लागतात आणि त्यांना डीओआय नाही. मी प्रकार 'रिपोर्ट' ठेवते, लेखकाच्या जागी समितीचं नाव, आणि कुठल्या वेबसाइटवरून कधी घेतला ते लिहून ठेवते, कारण सरकारी लिंका हलतात. शोधगंगेवर प्रबंध एकेक प्रकरण वेगळ्या पीडीएफमध्ये असतो. प्रत्येक प्रकरणाची वेगळी नोंद करू नका, प्रबंधाची एकच नोंद करा आणि सगळी प्रकरणं तिच्याखाली ओढून टाका, झोटेरोत एका नोंदीखाली कितीही फाइली लावता येतात.

जर्नलच्या बाबतीत आता आपली परिस्थिती बरीच सुधारलीय. १ जानेवारी २०२५ पासून वन नेशन वन सबस्क्रिप्शन ही केंद्र सरकारची योजना सुरू झाली, ३० प्रकाशकांची जवळपास १३ हजार जर्नल सरकारी विद्यापीठं आणि कॉलेजांना खुली झाली, यूजीसीचं इन्फ्लिबनेट केंद्र ते बघतं. संस्थेच्या नेटवरून किंवा लॉगिन करून पेपर उघडला की कनेक्टरला त्याच ब्राउझरमधून पीडीएफ मिळते. पण एका रात्रीत तीनशे पेपर ओढू नका, प्रकाशक अख्ख्या संस्थेचा ॲक्सेस थांबवू शकतात. गुगल स्कॉलरच्या यादीवरून एकदम सगळे सेव्ह करायला गेलात तर रोबोट आहात का असं विचारत बसतं, आणि तिथली माहिती अपुरीही असते, म्हणून एकेक लिंक उघडून मूळ पानावरून घ्या. पेपर विकतचा असेल तर झोटेरोत नोंदीवर राइट क्लिक करून पूर्ण मजकूर शोधायला सांगा, अनपेवॉल या खुल्या पेपरांच्या यादीतून कायदेशीर फुकट प्रत असली तर ती आणून लावतं.

वर्डमध्ये लिहिणारे असाल तर झोटेरो आणि मेंडले दोन्ही चालतात. लिब्रेऑफिस किंवा गुगल डॉक्समध्ये लिहिता तर झोटेरोच घ्या.

तर निवड अशी करा. फक्त इंग्रजी जर्नलवर काम आहे, रोज वेगवेगळ्या कॉम्प्युटरवर बसता, नेट पक्कं आहे आणि लॅबमधले सगळे मेंडलेवर आहेत, मग मेंडलेत राहा, उगीच बदलू नका. इतिहास, मराठी, अर्थशास्त्र, समाजशास्त्र, शेतीतलं विस्तार शिक्षण, जिथं जिथं अहवाल आणि मराठी सामान आहे, तिथं झोटेरो, मला यात शंका नाही.

मेंडलेतून यायचं असेल तर झोटेरोच्या फाइल मेनूत इम्पोर्टमध्ये मेंडलेचा पर्याय आहे, अकाउंटला लॉगिन करून पीडीएफ आणि पिवळ्या केलेल्या ओळींसकट सगळं येतं. ते करायच्या आधी मेंडलेत किती नोंदी आहेत तो आकडा कागदावर लिहून ठेवा, आणल्यावर झोटेरोतला आकडा त्याच्याशी ताडून बघा, आणि दहा-बारा पीडीएफ उघडून बघितल्याशिवाय जुनं अकाउंट बंद करू नका.