एक रास, बारा भाव : एका ऑनलाइन अभ्यासक्रमाचे परीक्षण

वृश्चिक रास पत्रिकेच्या बाराही भावांत, म्हणजे घरांत, कशी वाचावी, एवढ्या एकाच प्रश्नाला वाहिलेला बारा पाठांचा एक ऑनलाइन अभ्यासक्रम मी नुकताच पूर्ण केला. प्रत्येक भावाला एक पाठ, त्यासोबत छापून घेण्याजोगी टिपणे आणि सरावासाठी काही पत्रिका असे त्याचे स्वरूप आहे. ज्योतिषाची भाकिते वैज्ञानिक कसोटीला उतरलेली नाहीत, याची मला जाणीव आहे. त्यामुळे फळे खरी ठरतात की नाही हा या परीक्षणाचा विषय नाही. परंपरेने घालून दिलेले नियम शिक्षकांनी किती नेटकेपणाने आणि सुसंगतपणे शिकवले, एवढेच मी येथे तपासले आहे.

पहिला पाठ उत्तम आहे, कारण तो फळे सांगण्याची घाई करत नाही. ‘माझी रास वृश्चिक’ असे आपण म्हणतो तेव्हा जन्मवेळी चंद्र त्या राशीत होता एवढेच सांगत असतो. पाश्चात्त्य पद्धतीच्या राशिभविष्यात मात्र सूर्याची सायन (वसंतसंपातापासून मोजलेली) रास धरलेली असते, आणि सायन व निरयन (ताऱ्यांच्या आधाराने मोजलेल्या) राशींतील फरक, म्हणजे अयनांश, आज सुमारे २४ अंश असल्यामुळे निरयन गणिताने सूर्य वृश्चिकेत येतो तो नोव्हेंबरच्या मध्यास. भावात पडलेली रास ही या दोहोंहून वेगळी गोष्ट असून ती केवळ लग्नावरून, म्हणजे जन्मवेळी पूर्व क्षितिजावर उगवणाऱ्या राशीवरून, ठरते. मेष लग्नाला वृश्चिक अष्टमात येते, वृषभ लग्नाला सप्तमात, मिथुन लग्नाला षष्ठात, आणि असेच उलट्या क्रमाने पुढे. चौकोनात कर्ण काढून मांडलेल्या कुंडलीत घरे स्थिर असतात आणि त्यांत लिहिलेले आकडे राशींचे असतात. त्यामुळे ‘८’ हा आकडा दिसताच ते अष्टमस्थान समजण्याची चूक नवशिक्या विद्यार्थ्याकडून हमखास होते. शिक्षकांनी या एका चुकीवर बराच वेळ खर्च केला आहे, आणि माझ्या मते तो सत्कारणी लागला आहे.

वृश्चिक ही स्थिर स्वभावाची, जलतत्त्वाची, सम रास आहे. तिचा स्वामी मंगळ, तीत विशाखेचा चौथा चरण आणि संपूर्ण अनुराधा व ज्येष्ठा ही नक्षत्रे येतात, आणि तिच्या तिसऱ्या अंशावर चंद्र परमनीच, म्हणजे सर्वांत दुर्बळ, मानला जातो. ही सामग्री कुठल्याही प्राथमिक पुस्तकात मिळते. अभ्यासक्रमाची खरी परीक्षा होते ती यापुढे, म्हणजे ही वैशिष्ट्ये भावाच्या विषयांशी कशी जोडायची या टप्प्यावर.

या टप्प्यावर पाठांची प्रत सारखी राहिलेली नाही. तृतीय, षष्ठ आणि व्यय (बारावा) या भावांच्या पाठांत शिक्षकांनी राशीची विशेषणे घेऊन ती भावाच्या नावापुढे ठेवली आहेत. वृश्चिक गूढ, म्हणून तृतीयात ती असता भावंडांशी संबंध गूढ. वृश्चिक तीक्ष्ण, म्हणून षष्ठात ती असता शत्रूंचा निःपात. अशा वाचनात ज्या भावाची रास आहे त्याचा स्वामी कुठे बसला, कोणत्या स्थितीत बसला आणि तो आणखी कोणत्या भावाचा मालक आहे, याचा मागमूसही नाही. मिथुन लग्नाला वृश्चिक षष्ठात येते खरी, परंतु त्याच मंगळाकडे एकादशातील मेष रासही असते, म्हणजे षष्ठेश (सहाव्याचा स्वामी) आणि लाभेश (अकराव्याचा स्वामी) एकच. हा दुहेरी अधिकार विसरला की षष्ठाचे अर्धेच वाचन होते आणि ते अर्धे वाचन सर्व मिथुन लग्नाच्या जातकांना सरसकट लागू करावे लागते, जे उघडच अर्थहीन आहे. लग्नरास साधारण दोन तासांनी बदलते, तेव्हा त्या दोन तासांत जन्मलेल्या प्रत्येकाच्या शत्रूंचा निःपात होतो असे मानायचे काय?

याउलट पंचम, चतुर्थ आणि दशम या भावांचे पाठ पाहिले की तेच शिक्षक शिकवत आहेत यावर विश्वास बसत नाही. कर्क लग्नाला मंगळ पंचम आणि दशम यांचा, तर सिंह लग्नाला चतुर्थ आणि नवम यांचा स्वामी होतो; केंद्र (१, ४, ७, १० हे भाव) आणि त्रिकोण (१, ५, ९ हे भाव) या दोन्हींचे स्वामित्व एकाच ग्रहाकडे आल्यामुळे दोन्ही लग्नांना तो योगकारक, म्हणजे विशेष शुभ, ठरतो. मग वृश्चिकेची तीव्रता बाधक न राहता कार्यक्षम कशी होते, हे येथे क्रमाक्रमाने उलगडले आहे. सर्वांत आवडला तो कुंभ लग्नाचा ऊहापोह. तेथे वृश्चिक दशमात असते, आणि मंगळ मकरेत उच्चीचा (सर्वाधिक बलवान) असला तर तो लग्नापासून बाराव्या घरात जातो. उच्च म्हणून आनंद मानावा की व्ययात म्हणून काळजी करावी? शिक्षक घाईने निकाल देत नाहीत. मकर ही दशमापासून तिसरी रास असल्याने कर्म आणि परिश्रम यांचा संबंध कसा लागतो, व्ययस्थानामुळे जन्मस्थानापासून दूरचे कार्यक्षेत्र कसे सुचते, नवांशात (राशीचे नऊ भाग पाडून मांडलेल्या उपकुंडलीत) तोच मंगळ कुठे जातो हे पाहिल्यावाचून का थांबू नये, हे सगळे ते मोठ्याने विचार करत सांगतात. विद्यार्थ्याला नियमांची यादी मिळण्यापेक्षा नियमांची ओढाताण पाहायला मिळणे अधिक उपयोगाचे असते, आणि या एका पाठासाठी मी इतर काही उणिवा सहज माफ केल्या.

मात्र पंचमाच्या टिपणातील चूक माफ करण्याजोगी नाही. कर्क लग्नाच्या पत्रिकेत मकरेतील उच्च मंगळ ‘आपल्या दृष्टीने पंचमातील वृश्चिकेला बळ देतो’ असे तेथे छापले आहे. ग्रह स्वतःच्या राशीपासून मोजून ज्या राशीवर प्रभाव टाकतो, तिच्यावर त्याची दृष्टी असते असे म्हणतात; मंगळाला सातवीखेरीज चौथी आणि आठवी या विशेष दृष्टी आहेत. मकरेतून मोजले तर त्या मेष, कर्क आणि सिंह या राशींवर पडतात. वृश्चिक तेथून अकरावी येत असल्याने तिच्यावर दृष्टी पडतच नाही. दशमातील मेषेवर स्वामीची दृष्टी आहे, म्हणजे बळ मिळते ते दशमाला. वृश्चिकेवर स्वतःच्या स्वामीची दृष्टी हवी असेल तर मंगळ मेष, वृषभ किंवा सिंह राशीत असावा लागतो. जैमिनी पद्धतीतील राशिदृष्टीने मकर आणि वृश्चिक परस्परांना पाहतात, परंतु त्या पद्धतीचा उल्लेख संपूर्ण अभ्यासक्रमात कोठेही नाही, म्हणून तो बचावही येथे चालत नाही.

भावचलिताचा, म्हणजे भावांच्या सीमा राशींनी न ठरवता अंशांनी ठरवण्याचा, विषय शेवटच्या पाठात काही मिनिटांत उरकला आहे, ही दुसरी मोठी उणीव. मेष लग्न २८ अंशांवर असेल आणि लग्नबिंदू हा भावमध्य धरून समान भाव पाडले, तर अष्टमभाव वृश्चिकेच्या १३ अंशांपासून सुरू होतो. मग वृश्चिकेच्या ५ अंशांवरील ग्रह राशीने अष्टमात दिसला तरी भावाने सप्तमात मोजला जातो. रास आणि भाव यांचा संबंध हाच ज्या अभ्यासक्रमाचा विषय आहे, त्यात ही गोष्ट दुसऱ्या पाठातच यायला हवी होती. अष्टकवर्गाचा (राशींना बिंदू देऊन बळ मोजण्याच्या पद्धतीचा) वापर मात्र मोजका आणि योग्य आहे: सर्वाष्टकवर्गाचे एकूण ३३७ बिंदू बारा राशींत वाटले असता सरासरी २८ येते, हे सांगून वृश्चिकेचे बिंदू कमी असलेल्या पत्रिकांत भावफलाला मुरड कशी घालावी, ते दोन उदाहरणांनी दाखवले आहे.

ध्वनी स्पष्ट आहे, आकृत्या वाचनीय आहेत. सरावाच्या पत्रिकांना उत्तरे दिलेली आहेत, परंतु उत्तरापर्यंतची वाट दिलेली नाही. ज्याला ग्रहांचे स्वामित्व, उच्चनीच आणि दृष्टी आधीपासून ठाऊक आहेत, त्याने चतुर्थ, पंचम, दशम हे पाठ आधी पाहावेत आणि तीच रीत उरलेल्या भावांना स्वतः लावून पाहावी. अगदी नवख्या व्यक्तीला मात्र मी हा अभ्यासक्रम सुचवणार नाही, कारण कोणत्या पाठावर विसंबावे हे तिला कळणार नाही.

दृष्टीच्या चुकीबद्दल मी शिक्षकांना लिहिले तेव्हा दोन दिवसांत त्यांनी ती मान्य केली आणि टिपणाचे दुरुस्त पान पाठवले. ध्वनिचित्रफितीत मात्र जुनेच वाक्य अजून ऐकू येते, तेव्हा पाचवा पाठ पाहताना ते दुरुस्त पान समोर ठेवावे.