डेपो इंजेक्शनसाठी पॉलिमर निवडताय? पीएलजीए, कायटोसान, पीसीएल आणि सोलापूरचं ऊन

एम.फार्मचा सिनॉप्सिस लिहायची वेळ आली की मुलं विचारतात, ‘पॉलिमर कुठला घेऊ?’ डेपो इंजेक्शन म्हणजे एकदा टोचलं की शरीरात साठून औषध हळूहळू सोडत राहणारं इंजेक्शन, आणि औषध धरून ठेवायचं काम पॉलिमरचं, म्हणजे लांब साखळीच्या रेणूंचं. म्हणून आधी एक प्रश्न सुटायला हवा: औषध शरीरात किती दिवस सुटत राहायला हवं? एक दिवस, एक महिना की एक वर्ष? हे ठरलं की निम्मी निवड आपोआप होते. उरलेली निम्मी तुमचं औषध ठरवतं, आणि आपल्या सोलापुरात काही प्रमाणात हवामानही.

महिनाभराचं काम असेल तर पीएलजीए. लॅक्टिक आणि ग्लायकोलिक आम्लांच्या या साखळ्या शरीरातल्या पाण्याने तुटत जातात आणि शेवटी तीच दोन आम्लं उरतात. शरीर त्यांचा निकाल लावतं. दोन्हींचं प्रमाण (लॅक्टिक:ग्लायकोलिक) बदललं की मुदत बदलते: ५०:५० असेल तर साधारण एक-दोन महिने, ७५:२५ चार-पाच महिने, ८५:१५ पाच-सहा महिने. याच कुळातले विरघळणारे टाके १९७० च्या दशकापासून वापरात आहेत. प्रोस्टेट कॅन्सरवरचं ल्युप्रोलाइडचं महिन्याचं इंजेक्शन अमेरिकेत १९८९ साली मंजूर झालं. एवढा पूर्वानुभव दुसऱ्या कुठल्याही विघटनशील पॉलिमरच्या पाठीशी नाही, म्हणून लहान रेणूचं औषध आणि इंजेक्शन असा विषय असेल तर माझं मत सरळ पीएलजीएच्या बाजूने आहे. अडचण किमतीची. ते ग्रॅमच्या हिशेबाने घ्यावं लागतं, त्यामुळे फसलेली प्रत्येक बॅच खिशाला जाणवते.

कायटोसान कोळंबी-खेकड्याच्या कवचांपासून होतं, भारतातच बनतं आणि स्वस्त आहे. सौम्य ॲसेटिक आम्लात विरघळवायचं, ढवळत ढवळत ट्रायपॉलिफॉस्फेटचं द्रावण थेंब थेंब सोडायचं. स्वच्छ द्रावणाला निळसर दुधाळ झाक आली की नॅनोकण तयार झाले समजा. सेंद्रिय सॉल्व्हंट नाही, उष्णता नाही, त्यामुळे नाजूक प्रथिनं टिकतात. ते श्लेष्मल त्वचेला चिकटून राहतं, म्हणून नाकावाटे द्यायच्या लसींच्या संशोधनात त्याला मोठी मागणी आहे. पण महिनाभर रिलीजची अपेक्षा त्याच्याकडून धरू नका. साध्या कणांतून बरंचसं औषध पहिल्या काही तासांतच बाहेर पडतं. शिवाय एका पुरवठादाराचा माल दुसऱ्यासारखा नसतो. डीॲसिटिलेशनची (कवचातल्या कायटिनचे ॲसिटिल गट किती काढले त्याची) टक्केवारी आणि रेणूभार दाखवणारं प्रमाणपत्र हातात आल्याशिवाय ऑर्डर देऊ नका.

पीसीएल (पॉलिकॅप्रोलॅक्टोन) फार सावकाश विघटित होतं, दोन वर्षं किंवा त्याहून जास्त. लांब मुदतीच्या इम्प्लांटला ठीक, इंजेक्शनच्या मायक्रोस्फिअरला (औषध भरलेल्या सूक्ष्म गोल कणांना) सहसा नको. एक गुण मात्र खरा: ते ६० अंशांच्या आसपास वितळतं, त्यामुळे आपल्या उन्हाळ्यात कणांचा लगदा होत नाही.

आता उन्हाळ्याचंच बोलू. मायक्रोस्फिअर करताना पॉलिमर विरघळवायला बहुतेक जण डायक्लोरोमिथेन हे सॉल्व्हंट घेतात. ते जेमतेम ४० अंशांना उकळतं आणि मे महिन्यात सोलापूरचा पारा ४२-४३ वर असतो. एसी नसलेल्या प्रयोगशाळेत बाटली उघडली की झाकणातून फुस्स आवाज येतो, सॉल्व्हंट भराभर उडतं, थेंब आतून घट्ट व्हायच्या आत वरून कडक होतात आणि कण सच्छिद्र निघतात. पुढे सुकवतानाही धोका आहेच. कोरडं पीएलजीए ४५-५० अंशांच्या आसपास मऊ पडतं, पण ओलं असताना हा आकडा बराच खाली येतो. उघड्या टेबलावर सुकत ठेवलेली बॅच दुपारपर्यंत एकच गोळा होऊन बसते. म्हणून बॅचेस गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास, थंडीतच उरका. पॉलिमरची बाटली फ्रीजमधून काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत झाकण उघडू नका. आत दव धरलं की विघटन बाटलीतच सुरू होतं.

सॉल्व्हंटचा आणखी एक मार्ग आहे. पीएलजीए एनएमपी (एन-मिथाइल पायरोलिडोन) या सॉल्व्हंटमध्ये विरघळवून द्रावणच टोचायचं. त्वचेखाली पाणी लागताच ते घट्ट होतं आणि तिथेच डेपो तयार होतो. ल्युप्रोलाइडचं असं उत्पादन बाजारात आहे. एनएमपी तर आपल्या सोलापूरच्या बालाजी अमाईन्स कंपनीच्या उत्पादनांत आहे. पण प्रकल्पाला औद्योगिक दर्जाचं वापरू नका, फार्मा दर्जाचंच मागवा.

लसीचा विषय घेणाऱ्यांशी मला जरा सविस्तर बोलायचंय. पेंटाव्हॅलंट (पाच रोगांवरची) लस बाळाला ६, १० आणि १४ आठवड्यांना द्यायची असते. दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला निघालेल्या कुटुंबाचं बाळ पहिला डोस गावात घेतं, पुढच्या डोसांच्या वेळी ते कुठल्या तरी कारखान्याच्या फडावर असतं. एकाच टोचणीत पुढचे डोसही गेले तर किती बाळं सुरक्षित होतील! टिटॅनसच्या एकाच टोचणीच्या लसीवर १९९० च्या दशकात जगभर पीएलजीए घेऊन काम झालं. अडलं ते कणाच्या आत. साखळी तुटताना तयार होणारं आम्ल बाहेर पडायला वाट नसते, आतला पीएच झपाट्याने घसरतो, आणि ३७ अंशांच्या ओलाव्यात आठवडे काढणारा अँटिजेन, म्हणजे लसीतला मुख्य घटक, खराब होतो. मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड मिसळून हे आम्ल मारण्याचा उपाय सापडलेला आहे. एमआयटीच्या संशोधकांनी २०१७ मध्ये पीएलजीएचे झाकणबंद सूक्ष्म डबे करून ठरलेल्या दिवशी एकदम डोस सोडायची पद्धत मांडली. तसे साचे आपल्याकडे नाहीत. पण मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड घालून आणि न घालता कणांत एखादं साधं प्रथिन, उदाहरणार्थ बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन), किती टिकतं ही तुलना इथेही जमते. माझ्या मते एम.फार्मसाठी हा उत्तम विषय आहे. नाकावाटे लस हे उद्दिष्ट असेल तर मात्र कायटोसानच घ्या.

निवड झाली की कॅलेंडर उलटं मोजा. ५०:५० पीएलजीएचा रिलीज अभ्यास दीड महिना तरी चालतो: ३७ अंशांचं शेकर बाथ, पीएच ७.४ चं बफर, जंतू वाढू नयेत म्हणून थोडं सोडियम अझाइड, आणि वीज गेली तरी बाथ चालू राहील अशी सोय. कायटोसानचं हेच काम दोन-तीन दिवसांत आटपतं. सबमिशनला तीनच महिने उरले असतील आणि पॉलिमर अजून आलं नसेल, तर पीएलजीएचा हट्ट सोडा.